सणाच्या दिवशी मनापासून जेवा, मधले दिवस सांभाळा

सणासुदीत वजन किती वाढतं, असं कुणालाही विचारा. ‘दोन-तीन किलो तरी’ हे उत्तर ठरलेलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९५ प्रौढ माणसांची वजनं सणांच्या मोसमाआधी, मोसमात आणि नंतर प्रत्यक्ष मोजली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मोसमातली सरासरी वाढ निघाली फक्त ३७० ग्रॅम. त्याच लोकांचा स्वतःबद्दलचा अंदाज मात्र दीड किलोच्या वर होता.

वाचून हायसं वाटतं. पण त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: ही वाढ मोसम सरल्यावर आपोआप उतरली नाही. ३७० ग्रॅम कपड्यांना कळत नाहीत, आरशाला दिसत नाहीत, म्हणून आपण कानाडोळा करतो. दर वर्षी एवढीच भर पडत गेली आणि उतरली नाही, तर दहा वर्षांत साडेतीन किलोच्या वर जाते. ‘वजन कधी वाढलं ते कळलंच नाही’ असं आपण म्हणतो, त्यात या मोसमांचा वाटा मोठा असतो.

या आकड्यांवरून मी स्वतःपुरतं एक ठरवलं आणि गेली काही वर्षं ते पाळते आहे. या दिवसांत वजन कमी करायच्या फंदात पडायचं नाही. आहे तेवढं टिकवायचं. आणि ते टिकतं ते सणाच्या ताटावर हात आखडता घेऊन नव्हे, तर दोन सणांच्या मधल्या साध्या दिवसांकडे लक्ष देऊन. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

पहिली पायरी: कॅलेंडर आणि पेन

कॅलेंडर काढा. पुढच्या सहा आठवड्यांत खरोखर हौसेनं, पोटभर जेवायचे प्रसंग किती आहेत ते बघा आणि त्या तारखांना गोल करा. सणाचा मुख्य दिवस, जवळच्या कुणाकडचं जेवण, एखादं लग्न, जुन्या मित्रमैत्रिणींची भेट. अगदी सढळ हातानं गोल केले तरी ते सहसा सहा-सातच्या पुढे जात नाहीत. बेचाळीस दिवसांत सात. राहिलेले पस्तीस दिवस कॅलेंडरवर कोरे दिसतात, पण तोंड मात्र त्या दिवशीही चालूच असतं.

आता हिशोब मांडू. समजा, सणाच्या एका जेवणात नेहमीपेक्षा ८०० कॅलरी जास्त गेल्या. सात जेवणांच्या झाल्या ५,६००. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे सातही जेवणं मनसोक्त झाली तरी किलोभर चरबीचा हिशोब पुरा होत नाही. त्यातून अशा जेवणानंतर दुसऱ्या दिवशी भूकही बहुतेकांची मंदावलेली असते. आता कोऱ्या दिवसांकडे या. जाता-येता तोंडात टाकलेलं काहीबाही, रोजच्या २५० कॅलरींचं धरा. पस्तीस दिवसांच्या होतात ८,७५०. ना सण, ना पानं मांडलेली, ना ती चव लक्षात राहिलेली, आणि भर मात्र सणाच्या जेवणांपेक्षा जास्त.

म्हणून गोल केलेल्या दिवशी मोकळेपणानं जेवायचं आणि बाकीच्या दिवशी अगदी नेहमीसारखं. ‘नेहमीसारखं’ या शब्दावर माझा भर आहे. त्या दिवशी कमी खायचं नाही, उपाशी राहायचं नाही. सण नसता तर जे खाल्लं असतं तेच खायचं. एखादं आमंत्रण अचानक आलं तर खुशाल आठवा गोल करा, पण तो पेनानं केलेला असावा. तोंडात घास गेल्यावर मनातल्या मनात केलेला गोल चालायचा नाही.

दुसरी पायरी: काट्याशी मैत्री

गोल करून झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी वजन करा. शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, अंगावर हलके कपडे असताना. आकडा एका वहीच्या पहिल्या पानावर लिहा, शेजारी तारीख. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, याच पद्धतीनं.

एवढ्या साध्या गोष्टीचा उपयोग होतो का? बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २७२ जणांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. सणाच्या आठवड्यांत एका गटाला आठवड्यातून किमान दोनदा वजन करून नोंदवायला सांगितलं होतं, दहा सोप्या सूचना दिल्या होत्या, आणि सणाचा कुठला पदार्थ खर्ची घालायला किती चालावं लागेल याची यादीही. दुसऱ्या गटाला निरोगी राहणीचं नुसतं पत्रक. पहिल्या गटाचं वजन सरासरी १३० ग्रॅमनं उतरलं, दुसऱ्याचं ३७० ग्रॅमनं वाढलं. आकडे लहान आहेत, पण या मोसमातली वाढही तेवढीच लहान असते. ती अडवायला फार मोठं काही करावं लागत नाही, हे यातून दिसतं.

मात्र काटा वाचायला शिकावं लागतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो किलो-दीड किलो वर गेलेला दिसतो आणि माणूस हबकतो. ती चरबी नसते. आपलं यकृत आणि स्नायू साखर ग्लायकोजेन नावाच्या रूपात साठवून ठेवतात, आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. जेवणात मीठ जास्त गेलेलं असतं, त्यानं आणखी पाणी साठतं. शिवाय आदल्या रात्रीचं जेवण अजून आतड्यातच असतं, त्याचंही वजन आहेच. एका दिवसात किलोभर चरबी वाढवायची तर गरजेपेक्षा ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. ते भल्याभल्यांना जमायचं नाही. नेहमीच्या जेवणावर आलात की तीन-चार दिवसांत हे पाणी निघून जातं. म्हणून गोल केलेल्या दिवसाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सकाळी काट्यावर उभंच राहू नका.

एक मनापासून सांगते. आकडा बघून दिवसभर जीव टांगणीला लागत असेल, किंवा पूर्वी कधी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झाला असेल, तर ही पायरी सोडून द्या. पट्टा कितव्या भोकात बसतो, नेहमीची पँट कंबरेला कशी होते, एवढं बघितलं तरी काम भागतं.

तिसरी पायरी: डब्यांचा बंदोबस्त

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका वर्षी मी एक प्रयोग केला. ओट्यावर रिकामी वाटी ठेवली आणि ठरवलं, आज उभ्या उभ्या जे काही तोंडात टाकावंसं वाटेल ते या वाटीत टाकायचं. भांडं घासायला टाकण्याआधी कडेला चिकटलेला गोडाचा तुकडा. मुलाच्या ताटात राहिलेला अर्धा घास. डब्याचं झाकण उघडलंच आहे म्हणून चार बदाम. फ्रीज उघडल्यावर समोर आलेली चॉकलेटची वडी. चहा उकळेपर्यंत एक बिस्किट, आणि ते मोडकं निघालं म्हणून आणखी एक. रात्री नऊला वाटीला शीग आली होती. स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवली तर ऐवज भरला १२० ग्रॅम, आणि त्यात बहुतेक गोड नाहीतर तळलेलं. असल्या पदार्थांच्या १०० ग्रॅमला ४०० ते ५०० कॅलरी सहज असतात. म्हणजे एक अख्खं जेवण त्या वाटीत होतं. वाटी समोर नसती, तर त्या रात्री मी अगदी प्रामाणिकपणे म्हणाले असते की आज मी मधलं काहीच खाल्लं नाही.

तुम्हीही एक दिवस ही वाटी ठेवून बघा. नंतर या गोष्टी करा.

गोडाचे आणि तळणाचे डबे नजरेआड करा. पारदर्शक बरणीतून दिसतं ते हाताला बोलावतं. झाकणबंद, आतलं न दिसणारा डबा घ्या आणि तो वरच्या फळीवर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. स्टूल आणायला जाईपर्यंत जे अर्धं मिनिट जातं, तेवढ्यात खरी भूक आहे की नुसता चाळा ते कळतं. टेबलावर किंवा ओट्यावर काही ठेवायचंच असेल तर धुतलेली फळं ठेवा. फ्रीजमध्येही समोरच्या फळीवर चिरलेल्या भाज्या, दही, उकडलेली अंडी. गोडाचा डबा मागे.

डब्यातून थेट तोंडात काही जाता कामा नये. खायचं आहे ना, बशी घ्या, बशीत काढा, डबा बंद करून जागेवर ठेवा आणि बसून खा. घरात हा एकच नियम पाळायचा झाला तर मी हा निवडीन. बशीत दोन तुकडे दिसतात तेव्हा ते दोनच असतात. डब्यात हात घातला की मोजदाद संपली. सुक्यामेव्याचंही तेच. तो पौष्टिक खरा, पण ३० ग्रॅम बदामांत १७० ते १८० कॅलरी असतात. मी माझी ‘मूठभर’ एकदा मोजली तर ती ४५ ग्रॅम भरली. तेव्हापासून सुक्यामेव्याच्या डब्यात एक लहान वाटी ठेवून दिली आहे.

भेट म्हणून आलेली खोकी हा निराळाच विषय. खोकं घरात उघडलं की ते घरातच संपतं. त्यातलं घरच्यांना आवडतं तेवढं काढून घ्या आणि बाकीचं त्याच दिवशी पुढे द्या: शेजारी, कामाला येणाऱ्या ताई, इमारतीचे रखवालदार, ज्या घरात खाणारी तरुण मुलं आहेत असे नातेवाईक. उद्या देऊ म्हटलं की निम्मं उद्यापर्यंत उरत नाही. ऑफिसात कुणी खोकं आणलं तर ते आपल्या टेबलापासून दूर, पाण्याच्या मशीनजवळ वगैरे ठेवायला सुचवा. उठून जावं लागलं की खाणं आपसूक कमी होतं.

उरलेल्या अन्नाचं काय? अन्न टाकवत नाही, ते बरोबरच आहे. पण भूक नसताना पोटात ढकललेलं अन्नही वायाच गेलेलं असतं, वर त्याचा त्रास आपल्याला. पाहुणे निघायच्या आधीच लहान डबे भरून त्यांच्या हाती द्या. टिकणारं असेल ते एका वेळेपुरत्या लहान डब्यांत भरून, तारीख लिहून फ्रीजरमध्ये टाका. आणि मुळात करतानाच माणसं मोजा. कमी पडेल या धास्तीनं आपण दीडपट-दुप्पट रांधतो आणि पुढचे चार दिवस तेच संपवत बसतो.

स्वयंपाक करताना चव घेणं भाग असतं. त्यासाठी लहान चमचा वेगळा ठेवा आणि एका पदार्थाची दोनदाच चव बघा: एकदा मध्ये, एकदा शेवटी.

चौथी पायरी: कोऱ्या दिवसांची घडी

कोऱ्या दिवशी जेवणाच्या वेळा हलू देऊ नका. सुट्टी असली की उठायला उशीर, नाश्ता अकराला, दुपारचं जेवण साडेतीनला, मग रात्री दहापर्यंत नुसती चिवडाचिवड. वेळा ठरलेल्या असल्या की मधली भूक खरी की खोटी ते ओळखता येतं.

ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि कोशिंबिरीचा, पाव भाग प्रथिनांचा (डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, पनीर, चिकन, जे तुमच्याकडे चालतं ते) आणि पाव भाग धान्याचा. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरल्यासारखं राहतं, भाज्यांनी कमी कॅलरींत ताट भरतं. तेल ओतताना हात सैल सुटतो. मोठा चमचाभर, म्हणजे १५ मिलिलिटर तेलात १२० कॅलरी असतात, कुठलंही तेल असो. बाटलीतून न ओतता चमच्यानं घाला.

झोपेबद्दल मात्र थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण सणासुदीत पहिला बळी तिचाच जातो. २००४ सालच्या एका अभ्यासात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भरपूर झोपलेल्या रात्रींच्या तुलनेत भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. त्यांची वासना गेली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांवर. याची दुसरी बाजू २०२२ साली समोर आली: साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० जणांपैकी ज्यांनी झोप तासाभरानं वाढवली, त्यांचं खाणं दिवसाला सरासरी २७० कॅलरींनी कमी झालं. त्यांना आहाराबद्दल एका शब्दानं काही सांगितलं नव्हतं. वर कोऱ्या दिवसांची जी २५० कॅलरींची गळती आपण धरली, जवळपास तेवढाच हा आकडा. जागरणं गोल केलेल्या दिवसांपुरतीच ठेवा, हे मी त्यासाठी म्हणते आहे.

पाचवी पायरी: सणाचं जेवण

रात्री मोठं जेवण आहे म्हणून दिवसभर उपाशी राहणं ही सगळ्यात मोठी चूक. पोटात कावळे ओरडत असताना माणूस निवड करत नाही, हाताला येईल ते खातो. सकाळी नेहमीचा नाश्ता करा, दुपारी हलकं पण प्रथिनं असलेलं जेवा आणि निघण्याआधी तासभर एखादं फळ किंवा वाटीभर दही खा. घरून निघताना थोडी भूक असावी, आग नसावी.

पोचल्यावर आधी रिकाम्या हातानं एक फेरी मारा. काय काय मांडलंय ते बघा. त्यातलं वर्षभर कधीही मिळतं ते कोणतं आणि आजच मिळेल असं कोणतं? बाजारची वेफर्स, थंड पेयं, नेहमीचे बिस्किटांसारखे प्रकार बाराही महिने असतात. त्यांच्यावर आज भूक खर्च करू नका. घरच्या कुणी दोन दिवस खपून केलेला पदार्थ आहे, तो मात्र चवीनं, डोळे मिटून, बसून खा. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत समाधानाची वाटते. कमी खायचं म्हणून नव्हे, आवडतं ते नीट खायचं म्हणून निवड करायची.

पहिलं पान सूप, कोशिंबीर आणि भाज्यांचं घ्या. पेनसिल्व्हेनियातल्या संशोधक बार्बरा रोल्स यांनी जेवणाआधी सूप देऊन पाहिलं, तेव्हा सूप धरूनसुद्धा त्या जेवणातल्या एकूण कॅलरी सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्या. सूप साधं, पातळ असावं. साय-लोणी घातलेलं दाट सूप हे काम करणार नाही.

आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. एकच पदार्थ खात राहिलं की त्याचा कंटाळा येतो, पण दुसऱ्या चवीचा पदार्थ समोर आला की भूक नव्यानं जागी होते. ‘पोट भरलं, पण गोडाला जागा आहे’ असं आपण म्हणतो ते खोटं नसतं. जीभ खरोखरच नव्या चवीला ताजी असते. चार गोडाचे प्रकार मांडलेले असले की म्हणूनच जास्त खाल्लं जातं. ताटात एका वेळी दोन-तीन पदार्थ घ्या. गोडाचे दोनच प्रकार निवडा, आणि त्यातलं सगळ्यात आवडतं आधी खा, शेवटी नको. पहिल्या दोन-तीन घासांना चव सर्वाधिक लागते, पुढचे घास सवयीचे असतात.

संगतीनं खाणं वाढतं हेही लक्षात असू द्या. लोकांनी स्वतःच्या खाण्याच्या नोंदी ठेवल्या, त्यांवरून १९८९ साली असं दिसलं होतं की चारचौघांत केलेलं जेवण एकट्यानं केलेल्या जेवणापेक्षा सरासरी ४४ टक्के मोठं असतं. एक मोठं कारण म्हणजे आपण जास्त वेळ बसतो. तर वेळ बसा, गप्पा मारा, पण जेवून झालं की ताट उचला आणि अन्नापासून दोन खुर्च्या दूर सरकून बसा. दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं असेल तर पंधरा मिनिटं थांबा. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतोच. थांबूनही हवंसं वाटलं तर खुशाल घ्या, अपराधी वाटून घेऊ नका.

सहावी पायरी: आग्रह

‘एवढंसंच? माझ्यासाठी एक घे.’ या वाक्यापुढे भलेभले निश्चय विरघळतात. आग्रह करणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून त्याला डाएटचं व्याख्यान देऊ नये. तसं केलं की त्याला आपल्या रांधण्याचा अपमान वाटतो, आणि चार लोक आपल्या वजनावर बोलायला लागतात ते वेगळंच.

मला उपयोगी पडलेला मार्ग असा. विचारायच्या आधीच कौतुक करायचं, आणि ते नेमकं करायचं. ‘मावशी, याला तुम्ही किती बारीक आचेवर ठेवलंत? जळका वास अजिबात नाही.’ वाढणाऱ्याला हवी असते ती दाद. ती मिळाली की दुसऱ्या वाढपाचा जोर निम्मा होतो. तरीही आग्रह झालाच तर, ‘आत्ता पोट अगदी भरलंय, पण सोडवत नाही. उद्या सकाळी खाईन, दोन तुकडे बांधून द्याल का?’ डबा घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी बशीत घेऊन, बसून खायचा. ताट पूर्ण रिकामं ठेवू नका, रिकाम्या ताटात लगेच काहीतरी पडतं. एखादा घास राहू द्या आणि वाढणारा उठला की तो संपवा.

‘नको’ एकदाच, हसून आणि ठामपणे म्हणावं. ‘नको नको, बरं, अगदी थोडं’ असं म्हटलं की समोरच्याला वाटतं, यांचं नको म्हणजे हो.

आणि आपण स्वतः यजमान असू तेव्हा? एकदा विचारावं, दुसऱ्यांदा भांडी मध्ये ठेवून ‘हवं ते घ्या’ म्हणावं. कुणाला मधुमेह असतो, कुणाचं औषध चालू असतं, आणि प्रत्येकाला ते सगळ्यांदेखत सांगायचं नसतं.

सातवी पायरी: प्यायच्या कॅलरी

चावून खाल्लेल्याची शरीर दखल घेतं, प्यायलेल्याची फारशी घेत नाही. २००० सालच्या एका प्रयोगात १५ जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींची जेलीच्या गोळ्यांची पुडी दिली आणि वेगळ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरींचं गोड पेय. गोळ्या खाल्ल्यावर त्यांनी बाकीचं जेवण आपोआप कमी केलं. पेय प्यायल्यावर केलं नाही.

जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, शक्य तर ५ टक्क्यांच्या. २,००० कॅलरींच्या आहारात हे होतात ५० आणि २५ ग्रॅम. ३३० मिलिलिटरच्या साध्या शीतपेयात ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. फळांचा रसही याच हिशोबात धरा, फळ खा. मद्य घेत असाल तर त्याच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी असतात, साखरेच्या जवळपास दुप्पट, आणि पेल्याबरोबर खाण्यावरचा ताबाही सुटतो. प्रत्येक पेल्यानंतर एक ग्लास पाणी प्या, उपाशीपोटी घेऊ नका.

आठवी पायरी: दुसरी सकाळ

ठरवलेलं मोडतं. माझंही मोडतं. प्रश्न असतो तो मोडल्यानंतरच्या तासाचा. मानसशास्त्रज्ञांनी १९७५ पासून या गोष्टीचा पाठपुरावा केला आहे: सतत हात राखून खाणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला की नंतर ते कमी खात नाहीत, उलट आइस्क्रीम जास्त खातात. ‘आज मोडलंच आहे, आता काय राहिलं’ हा विचार त्यामागे असतो. याच विचारानं एक जेवण चार दिवसांचं होतं.

दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपास करू नका. त्यानं रात्री भूक भडकते आणि चक्र पुन्हा सुरू होतं. भूक लागेल तेव्हा नेहमीचा नाश्ता, भरपूर पाणी, दुपारी भाज्या-डाळींचं साधं जेवण. आणि चाला. चालण्यानं कॅलरी किती खर्च होतात याच्या भ्रमात मात्र राहू नका. ७० किलोचा माणूस तासभर झपझप चालला तर २८० कॅलरींच्या आसपास जातात, आणि तेवढ्या दोन-तीन गोडाच्या तुकड्यांत परत येतात. चालण्याचा फायदा दुसरीकडे आहे. मधुमेह असलेल्या ४१ जणांवरच्या न्यूझीलंडमधल्या अभ्यासात, दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची रक्तातली साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. सणाच्या जेवणानंतर म्हणूनच सगळ्यांनी मिळून एक चक्कर मारायची. मुलांना आवडतं, वडीलधारी माणसंही हळूहळू येतात, आणि तेवढा वेळ कुणी डब्याचं झाकण उघडत नाही.

काही जणांसाठी वेगळं

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण टाळणं किंवा खूप उशिरा जेवणं धोक्याचं ठरू शकतं. मोसम सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांशी वेळा आणि मात्रा बोलून घ्या. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर गोडाइतकंच खारटाकडेही लक्ष हवं. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमच्याहूनही कमी आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन टिकवण्याच्या या हिशोबात पडू नये. आणि मुलांसमोर कॅलरी, वजन, ‘जाडी होशील’ हे शब्द नकोतच. त्यांच्यासाठी डबे वरच्या फळीवर गेले आणि टेबलावर फळं आली, एवढं पुरे.

मोसम संपला की शिल्लक राहिलेले डबे एका संध्याकाळी खाली काढा, द्यायचं ते देऊन टाका आणि बरण्या धुवून उपड्या घाला. वहीतल्या नोंदी आणखी तीन आठवडे चालू ठेवा. आकडा पहिल्या पानावरच्या आकड्यापेक्षा अर्धा किलो वर असेल तर याच तीन आठवड्यांत संध्याकाळचं गोड बंद ठेवून आणि जेवणानंतरची दहा मिनिटं चालू ठेवून तो खाली आणणं सोपं असतं. सहा महिन्यांनी ते तितकं सोपं राहत नाही. आकडा जागेवर आला की वही कॅलेंडरच्या मागच्या खिळ्याला अडकवून ठेवा, पुढच्या मोसमात लागेल.